घाटात ब्रेक मऊ पडतो, मोठी डिस्क टाकू का?

प्रश्न : नमस्कार काका. माझी २०१६ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. नोकरी कराडला आणि सासर चिपळूणला, त्यामुळे कुंभार्ली घाटातून सौ.ला घेऊन येणं-जाणं चालू असतं. उतरताना पोफळी येईपर्यंत पुढचा ब्रेक मऊ पडतो, लिव्हर पार ग्रिपला टेकते. थोडा वेळ थांबलो की परत ठीक. गॅरेजवाला म्हणतो, २८० मिलिमीटरची डिस्क काढून ३२० ची टाका, ब्रॅकेटसकट (कॅलिपर धरणारा तुकडा) किट मिळतं. टाकू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी ब्रेक ऑइल बदला. आणि ते बदलेपर्यंत सौ.ला मागे बसवून तो घाट उतरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

लिव्हर ग्रिपला टेकते आणि गार झाल्यावर परत जागेवर येते, ही ब्रेक ऑइल उकळल्याची खूण आहे. पॅड तापून निकामी झाले असते तर लिव्हर घट्टच लागली असती, फक्त गाडी थांबली नसती. तुमच्याकडे ऑइलमध्ये वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. त्यामुळे तुमच्या बोटांचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी डिस्क कितीही मोठी असली तरी तिला पकडणार कोण?

तुमच्या गाडीला डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल लागतं. नवं, कोरडं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पाणी मुरलेल्या डॉट ४ साठी मानकात धरलेली मर्यादा आहे १५५ अंश. पाटण-कोयनेचा पाऊस आणि चिपळूणची दमट हवा, दोन्हीकडून तुमची गाडी जाते. मास्टर सिलिंडरच्या (हँडलवर लिव्हरजवळची ऑइलची डबी) छोट्या काचेतून बघा : ताजं ऑइल फिकट, मधाच्या रंगाचं असतं. चहासारखं काळपट दिसलं तर ते कधीचं आहे हे विचारायचीही गरज नाही. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, गाडी कमी फिरली तरी. सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, गॅरेजमधली अर्धी उरलेली नको. आणि नुसतं वरून भरून चालणार नाही, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपलमधून जुनं सगळं बाहेर काढून आत अडकलेली एअर काढली पाहिजे. टाकीवर थेंब उडाला तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो. रबरी होज पाइप मूळचाच असेल तर तोही आता बदला. स्टीलच्या जाळीचा घेतलात तर दाबल्यावर फुगत नाही, लिव्हर घट्ट लागते.

आता मुळात एवढं तापतं का, ते बघू. गाडी, तुम्ही दोघं आणि सामान मिळून साडेतीनशे किलो धरा. शंभर मीटर उंची नुसत्या पुढच्या ब्रेकवर उतरलात आणि सगळी उष्णता दीड किलोच्या डिस्कमध्येच साठली, तर तिचं तापमान चारशे अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात वारा बरीचशी उष्णता नेतो, पण कुंभार्लीचा उतार शंभर मीटरवर संपत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेक घासत ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा आणि पूर्ण सोडा. मागचा ड्रम ॲडजस्ट आहे का, तेही पाहा. या गाड्यांमध्ये मागचा पेडल बराच खाली गेलेला असतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. मागे माणूस बसलेला असताना मागचा ब्रेक चांगलं काम करतो, तो वापरा.

मोठ्या डिस्कचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. २८० वरून ३२० वर गेलात की पॅड चाकाच्या मध्यापासून २० मिलिमीटर लांब पकडतो. त्याच कॅलिपरने, तेवढ्याच जोरात, साधारण १५ टक्के जास्त ताकद मिळते. धातू जास्त, म्हणून तापतेही थोडी हळू. पण तुमच्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक लॉक व्हायला आता कमी जोर पुरेल, आणि गाडी शेवटी थांबवतो तो टायर.

तरीही टाकणार असाल तर डिस्कपेक्षा ब्रॅकेट निरखून घ्या. ब्रेकचा सगळा झटका त्या तुकड्यावर येतो. हातात धरून बोल्टच्या भोकांच्या कडा बघा : कडेला धातू पातळ राहिलाय का, ओतकामाची बारीक छिद्रं दिसतात का? दिसली तर परत करा. पॅड नवे हवेत, जुन्यांवर जुन्या डिस्कचे चर असतात. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहिल्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारा, मध्ये गार होऊ द्या. मूळ मापात असा बदल करताना मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ आणि विमा कंपनीचा आक्षेप, दोन्ही लक्षात असू द्या.

सध्याची डिस्क अजून चांगलीही असेल. तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, ‘मिन टीएच’च्या पुढे. मायक्रोमीटरने पॅड घासतो त्या पट्ट्यात मोजा, बाहेरच्या काठावर नको, तिथे झीज नसते.

प्रश्न : माझी पल्सर एबीएसची आहे. पाकळ्यांची (नागमोडी कडेची) डिस्क टाकली तर एबीएस बिघडेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मूळ मापाचीच डिस्क असेल आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची खाचांची रिंग मूळचीच परत बसवली तर बिघडायचं कारण नाही. सेन्सर खाचा मोजतो, पाकळ्या नाही. रिंग वाकू देऊ नका, सेन्सर आणि तिच्यातली फट पूर्वीइतकीच ठेवा. एबीएसचा दिवा गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. विझला नाही तर ब्रेक साध्यासारखे लागतील, पण एबीएस बंद असेल, तेव्हा तशीच गाडी चालवत न राहता रिंग आणि सेन्सर तपासून घ्या.