बोट काढलं म्हणजे पाऊल काढलं नव्हे

सांगलीत कोडिंगच्या कामाला लागलीस, फार बरं वाटलं. स्नोमेड सीटी, म्हणजे आजार-ऑपरेशनांच्या संज्ञांचा संगणकी कोश, त्यातली नाती तपासताना प्रत्येक ‘इज-अ’, म्हणजे ‘हा त्याचा प्रकार आहे’ हे नातं, मोठ्यानं वाच: ‘न्यूमोनिया हा फुप्फुसाचा आजार आहे.’ कानाला खटकलं की थांब.

सगळ्यात जास्त घात होतो तो ‘भाग’ आणि ‘प्रकार’ यांच्या गोंधळात. बोट हा पावलाचा भाग खरा, पण बोट काढणं हा पाऊल काढण्याचा प्रकार नव्हे. पाऊल काढण्याच्या व्याख्येत जागा म्हणून ‘फूट स्ट्रक्चर’, म्हणजे पाऊल किंवा त्याचा कुठलाही भाग, लिहिलंस तर त्यात बोटंही येतात, आणि क्लासिफायर, म्हणजे व्याख्यांवरून नाती आपोआप काढणारा प्रोग्रॅम, बोटाचं ऑपरेशन पाऊल काढण्याखाली नेऊन ठेवतो. तिथं ‘एंटायर फूट’, म्हणजे अख्खं पाऊल, हवं. नाहीतर मिरजेत मधुमेहानं बोट गेलेला पेशंट पाऊल गेलेल्यांच्या यादीत मोजला जाईल, आणि ते मला सहन होत नाही.

म्हणून क्लासिफायर चालवलास की नव्यानं निघालेली नातीच आधी बघ. अडलं तर वॉर्डातल्या सिस्टरना विचार, लाजू नकोस.