वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीच्या देशात शाळेची सहल

प्रश्न : मी ठाण्यात पाचपाखाडी भागातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. आठवी संपवून नववीत जाणाऱ्या सुमारे ३५ मुलांना येत्या मे महिन्यात ज्वालामुखी असलेल्या देशात अभ्याससहलीला नेण्याचा आमचा विचार आहे. सहल-कंपनीने आइसलँड आणि इंडोनेशिया असे दोन प्रस्ताव दिले आहेत. बहुतेक पालकांचा कल आइसलँडकडे आहे, मुख्याध्यापकांना खर्चाची काळजी आहे. कोणता देश निवडावा आणि तयारी कशी करावी?
— एक शिक्षिका, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात दोन देश आहेत, तारखा आहेत, खर्चही आहे, मुले तिथे नेमके काय पाहून येणार, हे मात्र नाही. देशाची निवड त्यावरच अवलंबून असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करतो.

ठाण्यातले मूल ज्वालामुखी पाहायला निघते ते थिजलेल्या लाव्हावर उभे राहूनच. येऊरचा डोंगर, पारसिकची रांग, माळशेजचे कडे हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनी बेसाल्टचे आहेत, आणि तो बेसाल्ट चित्रातल्यासारख्या शंकूच्या तोंडातून उसळलेला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो थरावर थर पसरत गेला. या दृष्टीने आइसलँड आपला नातलग ठरतो. तिथे १७८३ साली लाकी येथे सुमारे २५ किलोमीटर लांबीची भेग उघडली, आठ महिने लाव्हा वाहत राहिला, विषारी वायूंनी गवत नासले, जनावरे मेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या दगावली. थिंगवेट्लिरच्या दरीत वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने एकमेकांपासून दूर जाणारे दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, फळ्यावरच्या आकृतीइतके स्पष्ट समजतात. इंडोनेशियाची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे महासागराचा तळ जावा आणि बाली या बेटांच्या खाली सरकतो, त्याच्याबरोबर खोल गेलेल्या पाण्यामुळे वरचा खडक वितळू लागतो, आणि तयार होणारा शिलारस चिकट व वायूंनी भरलेला असल्यामुळे तो शांतपणे वाहून न जाता फुटतो.

म्हणजे ‘आपले डोंगर कसे झाले’ हा मुलांचा प्रश्न असेल, तर आइसलँड योग्य आहे. ‘जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी लाखो माणसे का आणि कशी राहतात’ हा प्रश्न असेल, तर इंडोनेशिया. माझे मत विचाराल तर नववीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी मी दुसरा प्रश्न निवडेन, कारण त्यात खडक, माती, शेती, लोकसंख्या आणि आपत्ती-व्यवस्थापन हे सगळे एकाच डोंगराच्या उतारावर भेटते.

त्यातही बालीच्या समुद्रकिनाऱ्यांचा मोह थोडा आवरून जावातील योग्यकर्ता शहर मुक्कामासाठी घ्यावे, असे मी सुचवीन. शहराच्या उत्तरेला मेरापी हा जिवंत ज्वालामुखी आहे. २०१० च्या उद्रेकात तिथे ३५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, गावे जळाली आणि बोरोबुदुरचा प्राचीन बौद्ध स्तूप राखेने इतका माखला की तो बंद ठेवून साफ करावा लागला. आज त्याच उतारांवर पुन्हा भाताची खाचरे आणि बागा आहेत, पावसात राखेचा चिखल खाली धावून येऊ नये म्हणून ओढ्यांवर बांध घातलेले आहेत, आणि त्याच ओढ्यांतील ज्वालामुखीची वाळू उपसून लोक पोट भरतात. एका ओढ्याच्या काठी अर्धा दिवस बसून मुलांनी हे वहीत उतरवून घेतले, तर दहा ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा ते अधिक उपयोगी ठरेल.

बोरोबुदुरला मात्र केवळ देऊळ म्हणून जाऊ नये. तो स्तूप अँडेसाइट नावाच्या ज्वालामुखी खडकाच्या चिऱ्यांचा आहे. आपल्या मुलांनी अजिंठा आणि वेरूळ पाहिलेले असते; तिथे कारागिरांनी बेसाल्टचा डोंगर आतून कोरून काढला, इथे त्यांनी चिरे घडवून एकावर एक रचले. असे का, हा प्रश्न मुलांना आदल्या रात्री द्यावा आणि उत्तर देण्याची घाई करू नये.

दोन दिवस बालीला द्यायचे असतील तर ते बातूर ज्वालामुखीला द्यावेत. तिथे प्रचंड काहिलीसारख्या खोलगट भूरूपात एक तळे आहे आणि त्याच्या कडेला १,७१७ मीटर उंचीचा नवा शंकू उभा आहे. १९२६ च्या उद्रेकात लाव्हाखाली गाव गाडले गेल्यावर लोकांनी देवासकट वर कड्यावर स्थलांतर केले. धरणाखाली गेलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्या मराठी घरांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आइसलँडविरुद्ध माझा आक्षेप केवळ खर्चाचा नाही. त्या देशासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा सामाईक व्हिसा, लागतो. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र अर्ज, बोटांचे ठसे, दोन्ही पालकांची संमती आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हे सगळे ३५ वेळा करावे लागते, आणि दोनच मुलांना नकार आला तरी सहलीची सगळी रया जाते. इंडोनेशियात भारतीयांना पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. त्याचे शुल्क ५ लाख रुपिया आहे. हा आकडा पालकसभेत सांगताना तो त्यांचा रुपिया आहे, आपला रुपया नव्हे, हे त्याच श्वासात सांगावे, कारण आपल्याकडे ती रक्कम तीन हजारांच्या आतच भरते. शिवाय मे महिन्यात जावात कोरडा हंगाम सुरू झालेला असतो, तर आइसलँडच्या अंतर्भागातील डोंगरी रस्ते त्या वेळी बहुधा बंदच असतात. अकरावी-बारावीचा बारा-पंधरा मुलांचा गट असता, तर मी कदाचित उलट सल्ला दिला असता.

आता सर्वांत महत्त्वाचे. शाळेच्या मुलांना कोणत्याही जिवंत विवराच्या काठावर नेऊ नये, मग कंपनीच्या माहितीपत्रकात सूर्योदयाचे छायाचित्र कितीही सुंदर असो. धोक्याची पातळी कमी आहे, हा युक्तिवाद इथे अपुरा पडतो. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील ओंताके ज्वालामुखी फुटला तेव्हा त्याची पातळी सर्वांत खालची होती आणि माथ्यावरच्या गिर्यारोहकांपैकी साठहून अधिक जण मृत किंवा बेपत्ता झाले. ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर स्फोट झाला तेव्हा तिथे ४७ माणसे होती, त्यांतील २२ दगावली. दोन्ही ठिकाणी जमिनीत मुरलेले पाणी तापून त्याची एकाएकी वाफ झाली होती, आणि असा स्फोट फारशी सूचना देत नाही. इंडोनेशियात धोक्याच्या पातळ्या चार असतात, चौथी सर्वांत वरची. मेरापी नोव्हेंबर २०२० मध्ये तिसऱ्या पातळीवर नेण्यात आला आणि पुढे अनेक वर्षे तिथेच राहिला, त्यामुळे माथ्यावर जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिक्षक म्हणून मला ही सोयच वाटते. रोज सकाळी पातळी कोण पाहणार आणि त्या दिवसाचा बेत रद्द करण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवावे, आणि तो अधिकार सहल-कंपनीकडे नसावा.

राखेचा विचार विमानासाठीही करावा लागतो. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्लच्या राखेमुळे युरोपची विमानवाहतूक अनेक दिवस कोलमडली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखीमुळे बालीचा विमानतळ बंद झाला. जून १९८२ मध्ये लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडकडे निघालेल्या एका विमानाची चारही इंजिने जावातील गालुंगगुंगच्या राखेत बंद पडली होती. राखेतली सूक्ष्म काच इंजिनाच्या उष्णतेने वितळते आणि पुढच्या भागांवर जाऊन घट्ट बसते. ते विमान राखेतून खाली आल्यावर इंजिने सुरू झाली आणि ते जाकार्तात सुखरूप उतरले, पण तेव्हापासून कोणी राखेशी पैज लावत नाही. म्हणून परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत, तितक्या दिवसांच्या मुक्कामाचे पैसे शाळेने हाताशी ठेवावेत आणि विमा लवकर उतरवावा. उद्रेक सुरू झाल्याची बातमी आल्यानंतर घेतलेल्या विम्यात साधारणपणे त्याच उद्रेकाची भरपाई मिळत नाही.

पासपोर्टचे काम दिवाळीपूर्वीच हाती घ्यावे. लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते, तिसरी-चौथीत काढलेला पासपोर्ट संपत आलेला असतो, आणि प्रवासाच्या वेळी त्याला सहा महिने शिल्लक असावे लागतात. वागळे इस्टेटमधल्या पासपोर्ट सेवा केंद्रात फेरी मारण्याआधी जन्मदाखला आणि आधार यांवरील नावे अक्षरशः जुळवून पाहावीत. खाण्याबद्दल एकच सांगतो : टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या रश्शातल्या भाज्या) शाकाहारी मुलांना आवडतील, परंतु तिथल्या चटण्यांत आणि रश्शांत ‘तेरासी’ ही कोळंबीची आंबवलेली चटणी न दिसता मिसळलेली असते. तिचे नाव घेऊनच विचारावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीच्या शाळेची सहल पूर्व जावात जाणार असून त्यात रात्री चढून इजेन ज्वालामुखीची निळी ज्योत पाहण्याचा कार्यक्रम आहे. मुलीला सौम्य दमा आहे. मास्क देऊ, असे शाळा म्हणते. पाठवावे का?
— एक पालक, नेरुळ

उत्तर : सहलीला पाठवण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा; इजेनच्या विवरात मात्र पाठवू नये. ती निळी ज्योत म्हणजे जळणारे गंधकाचे वायू होत. तिथे घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड असतो, वारा फिरला की तो अंगावर येतो, आणि अंधारात अरुंद वाटेवरून पटकन मागे फिरता येत नाही. आपल्याकडे सर्रास मिळणारा साधा एन-९५ मास्क राखेचे कण अडवतो, वायू अडवत नाही, हे शाळेच्या लक्षात आणून द्यावे. दमा नसलेल्या मुलांसाठीही माझे मत हेच आहे. त्या विवरातून गंधकाच्या जड टोपल्या खांद्यावर वाहणारे मजूर रोज जातात, म्हणून ती जागा सुरक्षित ठरत नाही. त्यांच्याजवळ पर्याय नसतो.

बाकीच्या सहलीसाठी इनहेलर हातातल्या पिशवीत असावा, दुसरा शिक्षकांकडे, आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत असावी. मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर चष्मा सोबत द्यावा, कारण राखेचा कण लेन्सखाली गेला तर डोळ्याला इजा होते.

प्रश्न : मी कळव्याला राहतो आणि यंदा नववीत आहे. आमच्या वर्गातली काही मुले परदेशी ज्वालामुखी पाहायला जाणार आहेत, मला जाता येणार नाही. मला इथे राहून तसा प्रकल्प करता येईल का?
— एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : करता येईल, आणि तुझ्या घरामागचा पारसिकचा डोंगर हेच त्याचे पहिले पान होईल. पावसाळ्यात मात्र दरडींच्या खाली जाऊ नकोस. दिवाळीनंतर घरच्या मोठ्यांना घेऊन कल्याण-नगर रस्त्याने माळशेज घाटात जा आणि सुरक्षित जागी थांबून समोरच्या कड्याचे चित्र काढ. काळ्या थरांच्या मध्ये कुठे कुठे विटेसारखी तांबडी पट्टी दिसेल. लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागाची झीज होऊन माती तयार झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली. म्हणजे ती पट्टी दोन उद्रेकांमधल्या शांततेची नोंद आहे. नंतर अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहा. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडून खडकाचे खांब तयार झाले. आइसलँडच्या किनाऱ्यावर लोक असेच खांब पाहायला जातात.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांना मात्र ज्वालामुखी म्हणू नकोस, परीक्षेत ही चूक हमखास होते. ते पाणी भेगांतून खोल मुरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. खाली शिलारस नाही. तुझे मित्र परत आले की त्यांच्याकडून मेरापीच्या दगडांची छायाचित्रे माग आणि शेजारी माळशेजच्या दगडाचे तुझे छायाचित्र चिकटव. रंग, कण आणि बुडबुड्यांची भोके, या तीन गोष्टींत काय फरक दिसतो ते मला लिहून कळव.