वाचकांचे प्रश्न : सहलीतील पाणी आणि आपली मुले

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही तीन कुटुंबे मिळून दिवेआगरला जाणार आहोत. आमचा मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची आहे. मुलगा दोन वर्षे तलावावर पोहायला शिकतो आहे. राहण्याच्या जागी पोहण्याचा छोटा तलाव आणि आवारात विहीर आहे. बरोबर सहा मोठी माणसे असल्यामुळे फार काळजीचे कारण नसावे, असे घरच्यांना वाटते. आपले मत काय? – एक आई, पुणे

उत्तर : सहा मोठी माणसे आहेत, याचीच मला अधिक काळजी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातील आठ-नऊ जण एका घरगुती निवासाच्या अंगणात आंबे खात बसले होते आणि चार पावलांवरच्या तलावात मुले खेळत होती. त्यांपैकी एक मूल पायरीवरून पुढे सरकले आणि त्याचे पाय टेकेनासे झाले. त्याने आरडाओरडा केला नाही, पाणीही उडवले नाही. ते उभेच होते, मान मागे झुकलेली, तोंड पाण्याच्या पातळीला, ओले केस डोळ्यांवर आलेले, आणि हात पाणी खाली दाबल्यासारखे हलत होते. त्याची आई त्याच्याकडेच पाहत होती आणि तिला ते खेळते आहे असे वाटले. शेजारच्या मामीने त्याला उचलले म्हणून निभावले. बुडणारे मूल बहुधा हाक मारू शकत नाही, कारण मिळेल तेवढा श्वास घेण्यातच त्याची सारी शक्ती खर्च होत असते, आणि हे सगळे एखाद्या मिनिटात आटोपते.

म्हणून ‘सगळे लक्ष ठेवू’ असे न म्हणता पाण्याजवळ असताना एका माणसाचे नाव घेऊन त्याच्यावर जबाबदारी सोपवावी. त्याने मोबाइल बाजूला ठेवावा, गप्पांत पडू नये, मद्य घेतलेले नसावे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी दुसऱ्याला ‘आता तू बघ’ असे स्पष्ट सांगूनच उठावे. आपली मुलगी पाण्यात असेल तेव्हा हे माणूस काठावर बसलेले चालणार नाही; हात लांब केला की ती हाताला लागली पाहिजे. दंडावर चढवायचे हवेचे फुगे किंवा रबरी चक्र ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मुलीला सोडू नये. पोहण्याचे कपडे भडक केशरी किंवा गुलाबी घ्यावेत, कारण निळा रंग पाण्यात दिसेनासा होतो. पोहचल्याबरोबर, सामान उतरवण्याच्याही आधी, विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, तलावाकडे जाणारे दार लागते का, हे पाहावे आणि न्हाणीघरातील भरलेल्या बादल्या रिकाम्या कराव्यात. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडते.

आता मुलाविषयी. तलावातील पाणी स्थिर असते, तळ दिसतो, दमल्यावर काठ हाताशी असतो. समुद्रात यांतले काहीच नसते. किनाऱ्यावर आलेल्या लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोराने आत ओढ घेते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत आणि थोडे गडद दिसते, आणि नेमके तेच पाहून नवखी माणसे मुलांना तिथे नेतात. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे पोहण्याची धडपड करू नये, उताणे तरंगावे, एक हात वर करून हाक मारावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर सरकावे, हे मुलाला घरीच शिकवून ठेवावे. समुद्रात मात्र त्याला कंबरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ देऊ नये आणि तेही मोठ्या माणसासोबतच. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती मुले वयाने आपल्या मुलापेक्षा कितीतरी मोठी होती.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील जुना हिशेब असा की तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे. नेमकी वेळ आणि कोणत्या जागी उतरू नये हे घरमालकाला किंवा तिथल्या कोळी बांधवांना विचारावे, आणि त्यांनी ‘नको’ म्हटले तर वाद घालू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुलांनी वाळूतच खेळावे.

प्रश्न : पावसाळ्यात नातवंडांना लोणावळ्याच्या धबधब्यावर न्यावे का? पाणी तर घोट्याएवढेच असते. – एक आजोबा, ठाणे

उत्तर : नेऊ नये, असेच माझे मत आहे. धबधबा दुरून दाखवावा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यांत चार मुले होती. आपण उभे असतो तिथे पाऊस नसला तरी वरच्या डोंगरावर तो पडतो आणि घोट्याएवढे पाणी काही मिनिटांत कंबरेला लागते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यातून पाने-काटक्या येऊ लागल्या किंवा आवाज वाढला, तर चपला आणि पिशव्या गोळा करीत न बसता मुलांना घेऊन काठावर उंच चढावे.

प्रश्न : बुडालेल्या मुलाला उलटे धरून पाणी काढावे असे गावाकडे म्हणतात. ते बरोबर आहे का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : नाही. पोट दाबूनही पाणी काढू नये. त्यात मोलाचा वेळ जातो आणि उलटीतील अन्न श्वासनलिकेत शिरते. मूल श्वास घेत नसेल तर त्याला कडक जागी उताणे ठेवून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असा क्रम चालू ठेवावा. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. हे हाताने शिकण्याचे काम आहे, तेव्हा आपल्या शाळेत प्रशिक्षण जरूर ठेवावे. मूल शुद्धीवर आले, हसू-बोलू लागले, तरी त्याला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. आणि वाचवण्यासाठी पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोरी, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा.