घराच्या बाह्यरूपावर सव्वासात लाख : कशासाठी कर्ज काढावं, कशासाठी थांबावं

प्रश्न : रत्नागिरीजवळ स्वतःच्या जागेवर १,८०० चौ. फुटांचं दुमजली घर बांधतो आहोत. आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या). तळमजल्याचा स्लॅब झाला, वरच्या भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्यात. मूळ अंदाज ४२ लाख, त्यात गृहकर्ज ३२ लाख (८.५ टक्के, २० वर्षं). आता कंत्राटदाराने बाहेरच्या कामाच्या सुधारणांची यादी दिली आहे : दर्शनी भिंतीला राजस्थानी दगडाचं क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवलेलं आच्छादन) ६०० चौ. फूट, १,६८,०००, अॅल्युमिनियमऐवजी यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या (फरक), १,०५,०००, साध्या रंगाऐवजी इलास्टोमेरिक (रबरासारखा ताणला जाणारा) रंग ३,२०० चौ. फूट (फरक), ७०,४००. वॉटरप्रूफ दोन हाती प्लास्टर, ६४,०००. गच्चीला ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा पाणी अडवणारा थर) ९५० चौ. फूट, १,१४,०००, १४ खिडक्यांना ग्रॅनाइटचे तळ, २८,०००, नक्षीचा सागवानी मुख्य दरवाजा, ९५,००० (पैकी चौकट २४,०००), एलिव्हेशनला (दर्शनी भागाला) एचपीएल (लॅमिनेटच्या) पट्ट्या, ८१,०००. एकूण ७,२५,४००. आम्हा दोघांचं हातात येणारं उत्पन्न ९२,०००, घरखर्च ४०,०००, शिवाय भाडं ११,०००. पाच लाखांची एफडी आहे आणि नववीतल्या मुलीसाठी १०,००० ची एसआयपी चालू आहे. कर्ज वाढवावं, एफडी मोडावी, की एसआयपी थांबवावी?

उत्तर : यादीतल्या ३,०३,७०० च्या कामांसाठी कर्ज वाढवून घ्या. ३,२०,००० ची कामं किमान तीन वर्षं पुढे ढकला. उरलेल्या १,०१,७०० ची गरजच नाही. एफडी आणि एसआयपी दोन्हींना हात लावू नका.

आधी कर्जाचा हिशेब. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी एक लाखाला महिना ८६८ रुपये हप्ता पडतो. पूर्ण यादी कर्जात घातली तर हप्ता ६,२९५ ने वाढतो आणि २० वर्षांत सव्वासात लाखांचे १५ लाख १० हजार जातात. ‘हप्त्यात फक्त सहा हजारांचा फरक’ हे कंत्राटदाराचं वाक्य खरं आहे, फक्त अर्धं आहे. करसवलतीचा आधारही फारसा नाही. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला दोन लाखांची मर्यादा आहे आणि ३२ लाखांच्या मूळ कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच पावणेतीन लाखांच्या घरात जातं. दोघंही जागेचे सहमालक आणि सहकर्जदार असाल आणि दोघंही जुन्या पद्धतीत असाल, तरच वाढीव व्याजाचा काही उपयोग होईल.

आता यादी. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो वाऱ्याबरोबर नैऋत्येकडून भिंतीवर आपटतो. तेव्हा प्रत्येक कामाला मी एकच प्रश्न विचारतो : हे आज नाही केलं तर नंतर काय फोडावं लागेल?

प्लास्टर नंतर करायचं तर परांची, रंग, खिडक्या सगळं पुन्हा काढावं लागेल. म्हणून ते आताच करा. पण ६४,००० कशाचे ते विचारा. ३,२०० चौ. फुटांवर सरासरी २० मिमी प्लास्टर, १:४ प्रमाण धरलं तर हिशेबाने ४६ च्या आसपास सिमेंटच्या पिशव्या लागतात. चिऱ्याचा पृष्ठभाग खडबडीत, त्यामुळे नासधूस धरून ५५ ते ६० म्हणा. वॉटरप्रूफिंगचं द्रव पिशवीला २०० मिली, म्हणजे सगळ्या घराला १२ लिटर, आणि त्याची किंमत काही हजारांतच संपते. फायबर पिशवीला १२५ ग्रॅम, त्याचंही तसंच. म्हणजे ‘वॉटरप्रूफ प्लास्टर’ म्हणून फक्त द्रव आणि फायबर टाकणार असतील तर हा दर अवाच्या सवा आहे. त्यात दुसरा हात आणि जाळी धरली असेल तरच तो पटतो. पहिला हात १२ ते १५ मिमी, तो खरवडून ठेवायचा, मग दुसरा ६ ते ८ मिमी. जिथे आरसीसी कॉलम-बीम आणि चिऱ्याची भिंत भेटते त्या प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाळी हवी. काँक्रीट आणि चिरा उन्हात सारखे फुगत-आक्रसत नाहीत, म्हणून पहिली भेग तिथेच पडते आणि जूनमध्ये आतल्या भिंतीवर ओल दिसते ती तिथूनच. प्लास्टरआधी चिऱ्याच्या दरजा (दगडांमधले सांधे) भरलेल्या आहेत का, हे स्वतः बघा. आणि किमान सात दिवस पाणी मारायला माणूस ठेवा. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, तिच्यावर दिवसातून तीनदा पाणी पडलं पाहिजे. इथे वाचवलेली मजुरी दोन पावसाळ्यांत रंगाच्या बिलातून वसूल होते.

गच्चीचा कोबाही आताच. स्लॅब साफ करून पाइपांभोवतीच्या फटी नॉन-श्रिंक (न आक्रसणाऱ्या) ग्राउटने भरायच्या, मग सिमेंटची स्लरी (पातळ लेप), मग भिजवलेल्या विटांच्या तुकड्यांचा सरासरी चार इंची थर, १०० ला १ उतार, आणि कठड्याला फूटभर उंचीपर्यंत वाटा (कोपऱ्यातला गोलसर लेप). पावसाळी पाइप ११० मिमीचे, किमान चार. शेवटी सगळ्या गच्चीवर पाणी साठवून ७२ तास ठेवा. शेवटचा हप्ता त्यानंतरच. रासायनिक थर द्यायचा असेल तर तो कोब्याच्या खाली द्या, कारण वर दिलेला थर उन्हाने काही वर्षांत जातो. कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो होतं, ते स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरलंय ना, एवढं इंजिनिअरला विचारून घ्या. ‘कोबा नको, वर पत्र्याची शेड घाला’ असा सल्ला तुम्हाला शेजारीपाजारी मिळेलच. शेड कोब्याची जागा घेत नाही. शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्र्यांचं काय झालं ते कोकणात कोणाला सांगायला नको. पुढे घालायचीच असेल तर परवानगी आणि वाऱ्याचा हिशेब करूनच घाला.

ग्रॅनाइटचे तळ २८,००० ला महाग नाहीत, पण ते नीट बसले पाहिजेत. तळाचा दगड भिंतीबाहेर इंचभर यावा, बाहेरच्या बाजूला उतार असावा आणि खालच्या अंगाला खाच कापलेली असावी, नाहीतर पाणी दगडाच्या पोटाखालून परत भिंतीकडे येतं. खिडकीची चौकट आणि भिंत यांतली फट पांढऱ्या सिमेंटने भरली तर ती वर्षभरात सुटते. तिथे सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट लागतो.

यादीत नसलेली, पण सगळ्यांत किफायतशीर गोष्ट म्हणजे छज्जा. वरच्या मजल्याच्या लिंटेल (खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या तुळया) अजून भरलेल्या नाहीत. पश्चिम आणि दक्षिणेचे छज्जे दीड फुटांऐवजी दोन फूट करता येतील का, हे या आठवड्यात इंजिनिअरला विचारा. सळई त्यानेच ठरवायची, कंत्राटदाराने नव्हे. खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच ठेवायला सांगा. एवढ्या कमी खर्चात भिंत कोरडी ठेवणारा रंग बाजारात नाही.

खिडक्यांत सरसकट यूपीव्हीसीची गरज नाही. वाऱ्यापावसाच्या बाजूच्या पाच खिडक्या, अंदाजे ११० चौ. फूट, एवढ्याच बदला. तुमच्या दराने फरक ३८,५०० येतो. आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी आहे ना, ते कापलेला तुकडा मागवून बघा. बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ ग्रेड स्टेनलेसचे घ्या. समुद्र जवळ असेल तर ३१६. खाऱ्या हवेत प्रोफाइल टिकतं आणि स्क्रू गंजतात, मग दोष यूपीव्हीसीला जातो. बाकी खिडक्या अॅल्युमिनियमच्या ठीक, फक्त पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉन असं लिहून घ्या आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला पाणी जायची भोकं आहेत हे पाहा.

रंगाचंही तसंच. इलास्टोमेरिक रंग पश्चिम-दक्षिणेच्या १,६०० चौ. फुटांवर, फरक ३५,२००. बाकीकडे चांगला बाहेरचा इमल्शन पुरेसा आहे. इलास्टोमेरिक जाड लावावा लागतो, एका लिटरमध्ये साध्या रंगाच्या जवळपास निम्मंच क्षेत्र होतं. त्यामुळे रिकामे डबे मोजा. पातळ करून लावला की तो साधाच रंग. प्लास्टर २८ दिवस सुकल्याशिवाय प्रायमर नको. डब्यावरच्या सात-दहा वर्षांच्या वॉरंटीवर हिशेब मांडू नका. बहुतेक वेळा ती मालापुरती असते, मजुरी आणि परांची तुमची.

आता क्लॅडिंग. चिऱ्याच्या भिंतीवर राजस्थानहून आणलेला दगड चिकटवणं ही आवडीची बाब आहे, त्यावर माझं मत असून उपयोग नाही. पण क्लॅडिंग पाणी अडवत नाही. ठिपके-ठिपके देऊन चिकटवलं तर मागच्या पोकळीत पाणी साचतं आणि दगडावर पांढरे क्षार उमटतात. २० मिमी दगडाचं वजन चौरस फुटाला पाच किलो भरतं. ६०० चौ. फूट म्हणजे तीन टन, तेही दुमजली उंचीवर. आठ-दहा फुटांच्या वर नुसतं चिकटवून चालत नाही, क्लॅम्प हवेत, आणि ते २८० रुपयांच्या दरात आहेत का ते यादीत दिसत नाही. आणखी एक बघा. बाहेरची भिंतच ३,२०० चौ. फूट आहे आणि रंगही ३,२०० चौ. फुटांचाच लावलाय. म्हणजे क्लॅडिंगमागे झाकल्या जाणाऱ्या ६०० चौ. फुटांच्या रंगाचा फरक, १३,२०० रुपये, तुमच्याकडून विनाकारण घेतला जातोय.

तेव्हा क्लॅडिंग आणि एचपीएल पट्ट्या पुढे ढकला. नंतर करायचं असेल तर दरवाजाभोवतीच्या दोन-अडीचशे चौ. फुटांवर फक्त प्रायमर आणि एक हात साधा रंग द्या. रंगावर दगड धरत नाही, त्या वेळी टाचे मारून (पृष्ठभाग खरवडून) आयएस १५४७७ या भारतीय मानकाच्या अॅडेसिव्हवर अख्खी पाठ भरून बसवता येईल. बाहेरच्या दिव्यांसाठी पाइप मात्र प्लास्टरआधीच टाकून ठेवा. दरवाजाची सागवानी चौकट आता बसवा, कारण ती होल्डफास्टने (लोखंडी पट्ट्यांनी) भिंतीत जाते. ७१,००० चं नक्षीचं दार कधीही बसवता येतं, तोवर साधं दार चालेल.

यादी अशी छाटली की हप्ता २,६३६ ने वाढून ३०,४०६ होतो, उत्पन्नाच्या ३३ टक्के. पूर्ण यादीने तो ३७ टक्क्यांवर जात होता. वाचलेले ३,६५९ रुपये दर महिना आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत १ लाख ४५ हजारांच्या आसपास जमतील. दार आणि दरवाजाभोवतीचं क्लॅडिंग दोन्ही त्यात रोखीने बसतं.

एफडीबद्दल तुमचं गणित चुकीचं नाही. एफडीला साडेसहा-सात मिळतात, कर्जाला साडेआठ जातात, मग मोडली तर फायदाच. पण घरखर्च आणि नवा हप्ता मिळून ७०,४०६ होतात, म्हणजे पाच लाख हे सात महिन्यांचं बळ आहे. आणि बांधकाम अंदाजात बसत नाही हा अनुभव सगळ्यांचाच. काम महिनाभर लांबलं तरी ११,००० भाडं आणि मूळ ३२ लाखांची पूर्ण रक्कम उचलली असेल तर २२,६०० च्या वर नुसतं व्याज जातं, मुद्दल तसंच. बँक ओव्हरड्राफ्ट प्रकारचं गृहकर्ज देत असेल आणि दरात फरक किरकोळ असेल तर एफडीची रक्कम त्या खात्यात ठेवा. व्याज वाचतं आणि गरज पडली तर काढता येते. सोनं तारण ठेवायचा विचार यात आणू नका. एसआयपी मुलीच्या बारावीनंतरच्या फीसाठी आहे. ती थांबवू नकाच, उलट त्यातला शेअर बाजारावरचा भाग पुढच्या दोन वर्षांत कमी करत आणा. त्यावर स्वतंत्रपणे लिहा.

बँकेकडे लवकर जा. शेवटचा टप्पा उचलल्यावर मागितलेलं वाढीव कर्ज टॉप-अप (आधीच्या कर्जावरचं वेगळं कर्ज) म्हणून गणलं जातं आणि त्याचा दर सहसा जास्त असतो. आता इंजिनिअरचा सुधारित अंदाज देऊन मंजूर रक्कमच वाढवून घ्या. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा असते. ४५.०४ लाखांवर ती ३६ लाखांपर्यंत जाते, तुमची गरज ३५.०४ लाखांची आहे. बसतं. कर्ज तरत्या दराचं असेल तर मधे पैसे भरायला दंड नाही, त्यामुळे बोनस किंवा फरकाची रक्कम आली की मुद्दलात टाका.

कंत्राटदाराशी बोलताना प्रत्येक सुधारणेत मूळ कामाची वजावट वेगळी दाखवायला सांगा, जीएसटी धरून की वगळून ते लिहून घ्या, आणि मोजमाप झालेल्या कामावर, खिडक्या-दारांची भोकं वजा करून. बाहेरच्या कामाचे पाच टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवण्याचं कलम करारात घाला. तो कुरकुरेल. तीन टक्क्यांवर तडजोड करायला हरकत नाही, पण तारीख ऑक्टोबरच्या अलीकडची नको.