अमेरिकेतल्या पीएचडीच्या निकालाची वाट पाहताना जीव टांगणीला लागलाय, काय करू?

डिसेंबरात सात अर्ज केलेस, मार्च उजाडला, एक नकार आला आणि बाकी सगळे गप्प, असं तू लिहिलं आहेस. गप्प म्हणजे नकार नव्हे, हे आधी मनात पक्कं धर. पहिली निवड झालेले विद्यार्थी जागा सोडतात तसे पुढच्यांना निरोप जातात. शिष्यवृत्तीसह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला बहुतेक विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातही बरंच काही हलतं.

दिवसभर मेल उघडून बघू नकोस. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. मी फोंड्याला घरी होते तेव्हा सकाळी सहाला एकदाच बघायचं असं ठरवलं होतं. तरी रात्री दोनला फोन हातात यायचाच. शेवटी तो स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर ठेवून झोपू लागले. शिगम्याचे ढोल घुमत होते, सगळे मिरवणूक बघायला गेले आणि मी मात्र खोलीत बसून राहिले, याचं अजून वाईट वाटतं. तू जा.

शेजारीपाजारी विचारतील, ‘काय गो, कधी जातेस?’ ‘एप्रिलात कळेल’ एवढंच सांग. घरच्यांना मात्र खरं सांग, आईला तुझा चेहरा दिसतोच.

मार्चअखेरपर्यंत काहीच आलं नाही तर प्रवेश विभागाला दोन ओळींचा नम्र मेल टाक. त्यात काही गैर नाही.