जोडी मोडण्याआधी हे वाच

प्रिय मुली,

‘ताई, मला दुसरा स्केटिंग पार्टनर हवाय. याच्यासोबत पंधराव्या नंबरच्या वर जाणं शक्य नाही.’ तुझा मेसेज रात्री वाचला. फोन केला असता, पण तू रडली असतीस आणि मी विरघळले असते. म्हणून लिहितेय.

एलेना ग्रुशिना आणि रुस्लान गोंचारोव्ह ही जोडी तू पाहिलेली नाहीस. दोघंही ओडेसाची, काळ्या समुद्राकाठची. १९९८ मध्ये नागानो ऑलिंपिकला युक्रेनकडून आइस डान्समध्ये, म्हणजे बर्फावर स्केट घालून जोडीनं नाचण्याच्या स्पर्धेत उतरली आणि पंधरावी आली. तुझाच नंबर. पुढचं ऑलिंपिक सॉल्ट लेक सिटीत, २००२ ला, तिथे नववी. चार वर्षं राबून सहा पायऱ्या. त्या काळी आइस डान्समधल्या जागा जवळपास ठरलेल्या असत. वरचा घसरला तरी खालच्याला वाट मिळेलच असं नव्हतं. सॉल्ट लेकच्या परीक्षण-घोटाळ्यानंतर पद्धत बदलली आणि प्रत्येक लिफ्टचे (जोडीदाराला उचलण्याचे), प्रत्येक ट्विझलचे (एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या गिरक्यांचे) गुण वेगळे मोजले जाऊ लागले. २००५ मध्ये या दोघांनी युरोपियन स्पर्धेत रौप्य आणि मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं.

मग २००६, तुरीन ऑलिंपिक. १९ फेब्रुवारीचा ओरिजिनल डान्स, म्हणजे स्पर्धेचा दुसरा टप्पा, मी किती वेळा पाहिला असेन! आघाडीवरची इटालियन जोडी, फुसार-पोली आणि मार्गाग्लिओ, अगदी शेवटी बर्फावर पडली. उठल्यावर फुसार-पोली आपल्या पार्टनरकडे रोखून बघत राहिली. ती नजर पाहून अजून पोटात गोळा येतो. कॅनडाच्या ड्युब्रे तर लिफ्टमधून अशा आदळल्या की त्या जोडीला स्पर्धाच सोडावी लागली. ओडेसाची जोडी टिकून राहिली. शेवटी त्यांचे एकूण गुण १९५.८५, रौप्यवाल्यांचे १९६.०६. फरक ०.२१ चा! तरी कांस्य गळ्यात पडलं, युक्रेनचं आइस डान्समधलं एकमेव ऑलिंपिक पदक. एलेना तेव्हा ३१ वर्षांची होती, रुस्लान ३३ चा. नागानोपासून आठ वर्षं, आणि जोडी तीच.

आइस डान्समध्ये मोठ्या उड्या नाहीत, डोक्यावरून उचलणं नाही. गुण मिळतात ते एजला (पाय कलवून स्केटच्या कडेवर तोल धरण्याला), वेगाला आणि दोघांतल्या अंतराला. तू चाकांवर आहेस, पण हिशोब हाच. मी एकोणिसाव्या वर्षी पार्टनर बदलला होता. नव्या मुलाच्या हाताची पकड ओळखण्यातच दोन हंगाम गेले, आणि जुन्याशी नीट बोललेही नव्हते, हे आजही टोचतं.

काल वॉल्ट्झमध्ये वळणाला तुझा डावा पाय सपाट पडत होता. एज सुटला की तू त्याच्या खांद्यावर भार टाकतेस आणि तो मागे रेलतो. तुला वाटतं तो मंद आहे. तो तुला सावरतोय गं.

गुरुवारी सहाला दोघंही या. संगीत नको, फक्त हात धरून आतल्या एजवर गोल फेऱ्या. पार्टनर बदलायचा निर्णय मे महिन्यात घेऊ.

तुझी,
ताई