आधी नुसतं उभं राहायला शीक

भावा, नवी माउंटन बाइक घेतलीस, लई बरं वाटलं. पण पहिल्याच रविवारी पन्हाळ्याकडं सुटू नकोस. आधी एखादं मुरमाड मोकळं मैदान गाठ आणि चालत्या सायकलवर उभं राहायला शीक. दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे नि कोपरं थोडी वाकलेली, बूड सीटवरनं उचललेलं. भार पायांवर, हात सैल. एवढं जमलं की खड्ड्यात सायकल खालीवर होते, तू होत नाहीस.

मग ब्रेक. नवी पोरं पुढच्या ब्रेकला भितात आणि मागचाच आवळतात. खरी ताकद पुढच्यात असते, कारण थांबताना भार पुढच्या चाकावर येतो. एकेका बोटानं दोन्ही ब्रेक हळूहळू दाब, बूड थोडं मागं ने. वेग वळणाच्या आधीच कमी कर. मी जोतिबाच्या बाजूला ऐन वळणात ब्रेक आवळला होता. पुढचं चाक मुरमावरनं सरकलं आणि कोपर सोलून निघालं.

नजर चाकापुढं नको, आठ-दहा मीटर लांब ठेव. दगडाकडं बघत राहिलास तर दगडावरच जाशील. चढ लागायच्या आधीच गिअर हलका कर.

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पावसाळ्यात ओला जांभा दगड शेवाळानं निसरडा होतो, तिथं पहिल्या वर्षी जाऊ नकोस. नंतर गेलास तरी मळलेली वाट सोडू नकोस, फुलं चाकाखाली येतात.

हेल्मेट मात्र मैदानातसुद्धा पाहिजेच.